कॅल्शियमच्या बाटलीशेजारी

मी एक जुना तपासणी संच आहे, मित्रांनो. जुना झालो तो कामानं झिजून नव्हे, तर नुसता पडून पडून. एचआयव्हीची तपासणी घरच्या घरी करता येते ना, ती पुठ्ठ्याची छोटी पेटी म्हणजे मी. माझ्या पोटात हिरडीवरून फिरवायची एक पट्टी आहे आणि द्रवाची इवलीशी नळी. पट्टी नळीत उभी करायची आणि वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर पुढच्या खेपेपर्यंत काळजी नाही. दोन उमटल्या तर दवाखान्यात जाऊन पक्की तपासणी करून घ्यायची. एवढंच माझं काम, आणि तेवढंही माझ्या नशिबी आलं नाही.

माझा मालक काचवाला. आरसे आणि खिडक्यांच्या काचा कापून द्यायचं त्याचं दुकान. हिऱ्याच्या टोकानं रेघ ओढायची, खालून हलकेच ठोकायचं, की भली मोठी काच मुकाट्यानं दोन होई. सूतभर फरकही त्याच्या नजरेतून सुटायचा नाही. पण दिवसभर उभ्यानं काम, त्यामुळे संध्याकाळी गुडघे धरून बसायचा. घरात तो आणि त्याची आई, दोघंच.

आम्हा सहा पेट्यांना त्या घरी आणलं ते लांबूनं. लांबू बसचा ड्रायव्हर. दाराच्या चौकटीवर दर वेळी डोकं आपटायचा, म्हणून आईनंच त्याचं हे नाव ठेवलं होतं. आईच्या लेखी तो मुलाचा मित्र. मुलाच्या लेखी तो काय होता, हे कपाटाच्या खणातून मी पाहत होतो.

दोघंही एचआयव्हीपासून बचावाची गोळी रोज घ्यायचे. गोळी चालू असली तरी दर तीन महिन्यांनी तपासणी करावीच लागते. आई बाजारात गेली की दोघं टेबलाशी समोरासमोर बसायचे. ती वीस मिनिटं लांबू पार हैराण करून सोडायचा. प्रवाशांच्या नकला काय, बेसूर गाणी काय! काचवाला हसता हसता रेघेकडे बघायचं विसरायचा. माझ्या चार भावंडांचं त्या टेबलावर सोनं झालं.

मग लांबूची लांबच्या आगारात बदली झाली. जाताना आमच्यातली एक पेटी तो घेऊन गेला. आधी रोज फोन यायचे, मग कधीमधी, मग येईनासे झाले. तपासणीचा रविवार आला तेव्हा काचवाल्यानं मला टेबलावर ठेवलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बराच वेळ बघत बसला, आणि मला पुन्हा रुमालांखाली सारलं. “गोळी तर रोज घेतोय,” तो स्वतःशीच म्हणाला. पुढच्या खेपेलाही हेच म्हणाला. मधल्या काळात त्याच्या काही ओळखी झाल्या, काही तुटल्या. माणूस एकटा पडला की सोबत शोधणारच. त्याबद्दल मी त्याला कधीच बोल लावणार नाही.

माझ्या शेजारी कॅल्शियमची एक बाटली होती. आईनं विचारू नये म्हणून बचावाच्या गोळ्या तो त्या बाटलीत ठेवायचा. एका दुपारी आई कपडे ठेवायला आली. तिनं बाटली हलवून बघितली आणि पुटपुटली, “संपत आल्या की! हा काही स्वतःहून आणायचा नाही. गुडघ्यांचं वाटोळं करून घेईल.” दुसऱ्या दिवशी तिनं कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या आणि बाटली काठोकाठ भरली. त्याही पांढऱ्या, त्याही लांबट. मी आतल्या आत आक्रोश केला. पण पुठ्ठ्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

काचेतला सूतभर फरक ओळखणारा तो माणूस सकाळच्या घाईत बाटली तळहातावर उपडी करायचा आणि न बघताच गोळी तोंडात टाकायचा. बाटली भरलेली दिसे, म्हणून नव्या गोळ्या आणणंही लांबत गेलं. कमी झाली की आई पुन्हा भरायची. तेव्हा त्यानं मला एकदा जरी उघडलं असतं, तरी गोष्ट इतकी लांबली नसती.

मग ताप आला आणि उतरेना. दवाखान्यातल्या तपासणीत दोन रेघा उमटल्या होत्या; तिथून तो परतला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्यानं बाटली पलंगावर रिकामी केली. एकेक गोळी खिडकीच्या उजेडात धरली आणि दोन ढीग केले. बचावाच्या गोळ्यांचा ढीग अगदी छोटा होता. आवाज ऐकून आई दारात आली.

“आई, या बाटलीत तू काही घातलंस?”

“अरे, मीच भरते ती. तुला कुठलं भान? का रे, बाधल्या की काय?”

त्यानं छोटा ढीग मुठीत झाकला. मला वाटलं, आता हा ओरडेल, आता सगळं सांगेल.

“नाही गं,” तो म्हणाला. “बरं केलंस.”

“मग रडतोस कशाला वेड्यासारखा?” असं म्हणत ती त्याच्याजवळ बसली आणि त्याचे गुडघे चोळू लागली. ती उठली नाही. वीस मिनिटं झाली, त्याहून जास्त झाली, तरी ती बसूनच होती. मित्रांनो, तेव्हा मला उमगलं. सोबत तर घरातच होती, फक्त मागितली नव्हती.

आता माझी मुदत संपली आहे, मी कुणाच्याच कामाचा नाही. तुम्हाला एवढंच विनवतो, की गोळी चालू आहे म्हणून माझ्या भावंडांना खणात कुजवू नका. आणि एकट्यानं बसवत नसेल, तर कुणाला तरी हाक मारा.

काचवाल्याची खरी औषधं आता दुकानात असतात. ती न चुकता घेतली तर माणूस पुष्कळ वर्षं जगतो, असं त्याला सांगितलं आहे, आणि तो घेतो. ती बाटली मात्र अजून माझ्या शेजारीच आहे. कमी झाली की आई भरते. रोज सकाळी तिच्यासमोर तो त्यातली एक गोळी काढतो, तळहातावर ठेवून नीट बघतो, आणि मगच तोंडात टाकतो.