तबकडीकडे पाठ

मित्रांनो, पोट आत ओढू नका. मी शाळेतल्या दवाखान्याच्या खोलीतला जुना वजनकाटा आहे आणि पोट आत ओढल्याने माझ्यावर आजवर कोणाचेही वजन कमी भरलेले नाही. तरी लोक ओढतातच. मुले ओढतात, शिक्षक ओढतात. कसरतीचे सर तर श्वासही रोखून धरतात आणि काटा जागचा हलला नाही की म्हणतात, "मशीन बिघडलंय." मी बिघडलेलो नाही. कारखान्यातून निघताना माझ्यावर एकेक प्रमाण वजन ठेवून पाहिले होते आणि मगच मला शिक्का मिळाला होता. तुमच्यापैकी कितीजणांना असा शिक्का मिळाला आहे?

माझी बैठक ओतीव लोखंडाची आहे. वर छातीच्या उंचीवर ताटाएवढी गोल तबकडी आहे. आकडे मला जन्मापासून येतात. अक्षरे मात्र उशिरा आली. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता आहे. मुले एक डोळा झाकून तो मोठ्याने वाचत, ते ऐकून ऐकून मी शिकलो. निम्मी मुले चुकीचे वाचत, म्हणून मला वेळ लागला.

या खोलीत मी सहा सिस्टर पाहिल्या. एक दिवसभर स्वेटर विणायची. एकीकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध होते, ओला रुमाल. एकीला खरचटलेला गुडघा म्हणजे आपल्या शिक्षणाचा अपमान वाटे. सहाव्या सिस्टरची पहिलीच नोकरी आमच्या शाळेत होती. शाळेत नव्याने लागणाऱ्या सिस्टरनो, तिची गोष्ट तुमच्यासाठी सांगतो. नीट ऐका, कारण तुम्हीही तशाच निघाल, अशी मला दाट शंका आहे.

ती मोठ्या इस्पितळात शिकून थेट इथे आली. पांढरेशुभ्र बूट, छातीवर उलटे लावलेले घड्याळ आणि वॉर्डातली सगळी शिस्त सोबत. वॉर्डात एक सिस्टर वजन पाहून मोठ्याने सांगते, दुसरी टेबलावर लिहून घेते. आकडा चुकू नये म्हणून ही रीत. तिथे ऐकायला असते कोण? आपापल्या दुखण्यात बुडालेले रुग्ण. इथे माझ्या समोरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत अख्खी सहावी 'ब' उभी होती, बूट काढून, कान टवकारून.

दारातल्या टेबलावर वर्गशिक्षिका लिहायला बसल्या. सिस्टर ओरडू लागली. "छत्तीस! एकतीस! चाळीस!" जणू बटाट्याची पोती उतरवायला आली होती.

मग एक मुलगी चढली. घरातले शेंडेफळ, म्हणून तिला सगळे चिमी म्हणत.

"त्रेपन्न!" सिस्टर ओरडली आणि वर हसून म्हणाली, "वा गं! खात्यापित्या घरची दिसतेस!"

तिला वाटले, आपण कौतुक केले. अशा कौतुकापेक्षा शिवी परवडते.

"हिला दोन बाकं द्या हो बाई!" रांगेतून कोणीतरी म्हणाले. रांग हसली. वर्गशिक्षिकाही हसल्या आणि मग त्यांनी खोकला आल्याचे सोंग केले. मधल्या सुट्टीपर्यंत चिमीचे नाव 'त्रेपन्न' पडले होते. दोन दिवसांनी मैदानावरून कसरतीच्या सरांचाही आवाज आला, "ए त्रेपन्न, पळ!"

पुढच्या आठवड्यापासून चिमी रोज मधल्या सुट्टीत आमच्या खोलीत येऊ लागली. "सिस्टर, डोकं दुखतंय." सिस्टर तिला खाटेवर झोपवायची, वहीत 'डोकेदुखी' लिहायची आणि स्वतःचा डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीत जायची. ती गेली की चिमी उठून माझ्यावर चढायची. बावन्न. एक्कावन्न. पन्नास. आकडा उतरला की हसायची. मी खरे तेच दाखवत होतो. दुसरे काही मला येत नाही.

रोज एकाच वेळी एकच मूल एकच दुखणे घेऊन येते, तेव्हा त्याला विचारावे, सकाळपासून काय खाल्लेस? हा प्रश्न विचारायला कोणती पदवी लागते? तीन वर्षे शिकलेल्या सिस्टरला तो सुचला नाही. सुचला तो झाडणाऱ्या मावशींना.

"सिस्टर, त्या पोरीचं डोकं दुखत नाही," मावशी एके दिवशी म्हणाल्या. "पोट दुखत असेल, उपाशी. तिचा अख्खा डबा रोज माझ्या बादलीत येतो. भरलेला."

"मावशी, तुम्ही केर काढा. निदान मी करते."

"करा बाई. मी आपलं बादलीत काय येतं ते सांगितलं."

त्यानंतर दहा दिवसांनी चिमी प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. हनुवटी फुटली. सिस्टरने जखम साफ करून पट्टी बांधली. ते काम तिने उत्तम केले, उगाच नाकारत नाही. मग तिला माझ्यावर उभे केले. सेहेचाळीस. सिस्टरने वही उघडली, दोन महिन्यांमागचा आकडा पाहिला. या वेळी ती ओरडली नाही.

चिमीची आई शिवणकामाच्या कारखान्यातून तशीच धावत आली. बाहीला दोरे चिकटलेले होते.

"रोज डबा रिकामा येतो," ती म्हणत राहिली. "मला वाटायचं, पोरगी नीट जेवतेय. काय गं झालं तुला?"

चिमी खाली बघत म्हणाली, "मला चाळीस व्हायचं होतं."

"चाळीस कशाला गं बाळा?"

"चाळीसला कोणी हसलं नाही."

आई काही न कळून सिस्टरकडे बघू लागली. तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. त्यांनी सिस्टरला खिडकीपाशी, म्हणजे माझ्याजवळच बोलावले. मला कान नाहीत, असे लोक धरून चालतात.

"वहीत अशक्तपणा लिहा. मुलींचे जेवायचे नखरे असतातच. तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे, सिस्टर."

मी मनात म्हटले, झाले, ही लिहिणार. पाच जणी पाहिल्यावर या सहाव्या सिस्टरकडून मी काय अपेक्षा ठेवणार?

सिस्टर आईकडे गेली. "ताई, चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी हिचं वजन सगळ्या वर्गासमोर ओरडून सांगितलं. वर हसलेसुद्धा. मग ही रोज इथे येत होती, तरी विचारलं नाही. मावशींनी सांगितलं, तेही ऐकलं नाही. आजच डॉक्टरांकडे जाऊ. मी बरोबर येते."

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. आई मुलीच्या पायांत बूट चढवू लागली.

मित्रांनो, चिमी एका दिवसात बरी झाली नाही. सिस्टर रोज मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसून आपला डबा खायची. पहिला महिना चिमी दोन घासांपलीकडे गेली नाही. "खा गं" असे सिस्टर एकदाही म्हणाली नाही. कसरतीच्या सरांना मात्र तिने व्हरांड्यात गाठले. काय बोलली ते ऐकू आले नाही, पण मैदानावरून 'त्रेपन्न' बंद झाले.

पुढच्या तपासणीला तिने दार लावून घेतले. एकेक मूल आत. "तबकडीकडे पाठ कर," ती सांगायची, आकडा स्वतः पाहायची, स्वतः लिहायची आणि म्हणायची, "झालं. पुढचीला पाठव." वही कपाटात, किल्ली खिशात. सगळा वर्ग आटपायला तासभर जास्त लागला. वर्गशिक्षिका कुरकुरल्या. कुरकुरू देत.

तेव्हा सिस्टरनो, मी खरे सांगतो, पण ते कोणाला आणि किती आवाजात सांगायचे, ही अक्कल लोखंडाला नसते. ती तुमच्याजवळ असेल, अशा भाबड्या आशेवर शाळा तुम्हाला नोकरीवर ठेवते. तेवढी लाज राखा.

शेवटी चिमी आली. पाठ करून उभी राहिली.

"किती?" तिने विचारले.

"सांगू? हळूच सांगते."

चिमी विचार करत राहिली. तिच्या श्वासाबरोबर माझा काटा थरथरत होता.

"नको," ती म्हणाली. "मैत्रीण डबा घेऊन थांबलीय." आणि माझ्यावरून धाडकन उडी मारून पळाली.

'उडी मारू नये' असे माझ्या बैठकीवर ठळक अक्षरांत लिहिले आहे. वाचतो कोण?