मिस्त्रींचा हिरवा रस

"निसर्गाने प्रत्येक विषावर कुठल्या ना कुठल्या पानात उतारा ठेवलेला आहे!" असं बायकोने जाहीर केलं, तेव्हा बॅटरीमिस्त्रींचे दोन्ही पाय पायजम्याच्या एकाच नळीत होते.

"आधी मला बाहेर काढ," मिस्त्री म्हणाले.

अडतीस वर्षं त्यांनी जुन्या बॅटऱ्या फोडल्या, शिसं वितळवलं, नव्या प्लेटा ओतल्या. त्यातलं थोडं शिसं मालकाला न विचारता मिस्त्रींच्या रक्तात शिरलं आणि तिथून डोक्यात चढलं. सात महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी काम सोडायला लावलं. तरी गेल्या महिन्यात मिस्त्री आपल्याच गल्लीच्या तोंडाशी पाऊण तास उभे होते. घर डावीकडे की उजवीकडे, तेवढंच आठवत नव्हतं. शेवटी बायको येऊन हात धरून घेऊन गेली.

आज दुसरा रिपोर्ट. रक्तातलं शिसं उतरलं असेल तर डोकं हळूहळू ताळ्यावर येण्याची आशा होती.

बायकोला तर खात्रीच होती. तिने पेपरच्या पुरवणीत वाचलं होतं : हिरव्या पानांतली अँटिऑक्सिडंट मेंदूला शिशापासून वाचवतात; उंदरांना गुण आलाय. "उंदरं सुधारली, तुम्ही काय त्यांच्याहून गेलेले आहात?" असं म्हणत ती रोज सकाळी पालक-पुदिन्याचा पेलाभर रस त्यांच्या घशाखाली उतरवत होती.

दवाखान्यात बायको पावती करायला थांबली. मिस्त्री एकटेच आत गेले. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"काका, चोरून कामावर जाता का?"

"छे हो! फाटकावरचा शिपाईसुद्धा आता ओळख देत नाही."

"मग चाळीसचा आकडा एकसष्ट कसा झाला?"

मिस्त्रींनी रिपोर्ट ओढून घेतला आणि तो आकडा स्वतः वाचून पाहिला.

"खाण्यात नवीन काही?"

"रस. पण तो औषधाचा. घरच्या गच्चीतला. खत नाही, फवारणी नाही."

"झाडं कशात लावलीत?"

अखेर आपल्या धंद्यातला प्रश्न आला, म्हणून मिस्त्री खुर्चीत सरसावले. "पेट्यांत. मीच केल्या. जुन्या बॅटऱ्यांच्या पेट्या घ्यायच्या, वरून कापायच्या, तळाला भोकं पाडायची. अशा मजबूत कुंड्या बाजारात..."

मिस्त्री स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

"दोनदा धुतल्या होत्या," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "माती शिसं धरून ठेवते, पानं ते ओढून घेतात. रस आजपासून बंद. काकूही पितात?"

"घोटभर. कडू झालाय का बघायला."

"त्यांचंही रक्त तपासायला हवं."

दाराच्या काचेतून बायको दिसत होती. मांडीवर हिरवी बाटली ठेवून, शेजारच्या बाईला ती हातवारे करत कृती समजावत होती. सात महिने ती उजाडायच्या आत उठून पानं खुडत होती.

"तपासा," मिस्त्री हळूच म्हणाले. "वय झालंय म्हणून तपासते, असं सांगा. झाडं मी उपटतो. कीड लागली म्हणेन."

दार ढकलून बायको आत येऊ लागली. मिस्त्री घाईने पुढे वाकले.

"ती बाटली तुमच्यासाठी आणलीय. ठेवून घ्या. आणि रंग छान आलाय, एवढं म्हणाल का?"