म्हाळसानं पाडलेलं भोक

मासे मेले ते मला गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला कळलं. आमच्या कळस गावात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट बंद असते. उसाला खत टाकून घरी आलो तर पडवीभर पाणी. पाच फुटी काचेची टाकी जवळजवळ रिकामी, तळाला चार बोटं पाणी, आणि त्यात शोभेचे एंजल मासे आडवे पडलेले. अठरा होते. एकही हलत नव्हता.

हे मासे म्हाळसानं, माझ्या बायकोनं वाढवलेले. बारामतीला आठ दिवस शिकून येऊन तिनं हा धंदा सुरू केला होता. पिल्लं बारामतीच्या दुकानांत जायची. गेल्या दिवाळीआधी ती काविळीनं गेली. पंधरा दिवसांचं दुखणं. तिच्यामागं सून रेश्मा हे सगळं बघते. मला माशांतलं काही कळत नाही. पण म्हाळसा गेल्यापासून मी रोज संध्याकाळी टाकीपुढं खुर्ची टाकून बसत होतो.

रेश्मा पिल्लं पोचवून साडेचारला आली. हातात रिकामे कॅन होते. शेजारची बानूबाई आणि आणखी दोघी-तिघी दारात जमल्या होत्या. मी त्यांच्यादेखत ओरडलो.

"काय चालू ठेवून गेलीस? सासूनं लेकरावाणी जपलं, तुला एक वरीस सांभाळता आलं न्हाय!"

"मी सगळं बघून गेलते, आबा."

"बघून गेलीस तर हे काय हाय?"

तिनं कॅन खाली ठेवले आणि पाणी पुसायला लागली. बानूबाई म्हणाली, "आबा, पोरीला आत तरी येऊ द्या." मी तिलाही गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलानं, युवराजनं, शेळगावच्या सिद्धूला बोलावलं. सिद्धू ठिबकची आणि पाइपलाइनची कामं करतो. ही टाकीही त्यानंच जोडली होती. जोडणी साधी आहे. वरच्या टाकीतलं पाणी काठाला आलं की कोपऱ्यातल्या खणात सांडतं आणि नळीनं खालच्या लहान टाकीत उतरतं. तिथं स्पंज आणि खडीतून गाळलं जातं. मग छोटी मोटर ते दुसऱ्या पाइपानं पुन्हा वर चढवते. तो पाइप वरच्या टाकीत पार तळापर्यंत सोडलेला आहे.

सिद्धूनं आधी उतरायची नळी बघितली. स्पंज काढून पिळला. "हितं तर काय अडकलं न्हाय," म्हणाला. मग टाकी भरली, मोटर चालू केली. पाणी नीट फिरत होतं. त्यानं खालच्या टाकीला पाण्याच्या पातळीवर पेनानं रेघ मारली आणि मोटर बंद केली.

"आता चार-पाच बोटं पाणी चढंल आन् थांबंल," तो म्हणाला.

पाणी चार बोटं चढलं, दहा बोटं चढलं, थांबेना. खालची टाकी काठोकाठ भरून पडवीत सांडायला लागली. वरची उतरतच होती. सिद्धूनं पाइपाला हात लावला. "चढायच्या पाइपातनंच पाणी माघारी येतंय. डिझेलच्या टाकीला नळी लावून तोंडानं वढतो का न्हाय आपण, तसं. पर ह्येला तर हवा घ्यायला वर भोक हाय..."

त्यानं पुढं काही बोलायच्या आधीच मला कळलं. पंधरा दिवसांपूर्वी टाकीपुढं बसलो असताना मला त्या पाइपाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या जरा वर, बारीक चिळकांडी उडताना दिसली होती. काच ओली होत होती. पाइप गळतोय असं मला वाटलं. रानात पाइप गळला की मी जे करतो तेच केलं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि ताणून गुंडाळली. चिळकांडी बंद झाली. म्हाळसाच्या टाकीचं आपणही काहीतरी केलं याचं मला बरं वाटलं होतं. नंतर ते विसरूनही गेलो. मधला एक गुरुवार लाईट गेलीच नाही, म्हणून काही झालं नाही.

सिद्धूनं पट्टी सोडली. भोकातनं हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि पाणी जागच्या जागी थांबलं.

"ह्ये भोक काकूंनी माझ्यादेखत खिळा तापवून पाडलंय," तो म्हणाला. "मी म्हणलं, काकू, नवा पाइप कशाला खराब करता? तर म्हणाल्या, लाईट गेल्यावर तू येणार हाईस का मोटर धरायला? ह्ये कुणी बांधलं?"

युवराज रेश्माकडं वळला. "तू बांधलीस व्हय गं?"

रेश्मानं पट्टीकडं बघितलं. मग माझ्याकडं. "मला ठावं न्हाय," म्हणाली.

"तुझ्याबिगर हात कोण लावतं टाकीला?" युवराज चिडला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी हात धुवायला मोरीवर गेलो. हात स्वच्छ होते.

दोन दिवसांनी रेश्मा चार दिवसांसाठी म्हणून माहेरी सांगवीला गेली. दहा दिवस झाले तरी आली नाही. वेगळ्या टबात ठेवलेली पिल्लं तेवढी वाचली होती, त्यांना युवराज कसंतरी खायला घालत होता. मी म्हणालो, मीच जाऊन घेऊन येतो. जाताना एसटीत मी वाक्य जुळवलं होतं. पट्टी मी बांधली, पोरीला उगंच बोललो. एवढंच.

सांगवीत तिच्या वडलांनी, अजितरावांनी, मला खाटेवर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत तेच हात जोडून पुढं वाकले.

"पाव्हणं, पोर आमची धांदरट हाय. इहीणबाईंनी जपलेलं तिच्या हातनं गेलं. माझ्या तोंडाकडं बघून पोटात घाला."

माझ्यापेक्षा ते दोन-तीन वर्षांनी मोठे आहेत. चार माणसांत मान असलेला माणूस. रेश्मा चहा घेऊन दारात उभी होती.

मी म्हणालो, "असू द्या. व्हतं कधी कधी."

असं म्हणालो मी. वर चहा प्यालो. जेवायला थांबवलं तर थांबलो, आणि त्यांनी आग्रह केला तेव्हा आणखी एक पोळीही घेतली.

परतताना बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीला अर्धा तास होता. रेश्मा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. मी शेजारी. ती म्हणाली, "सिद्धूभाऊंनी पट्टी सोडली तवाच मला कळलं व्हतं, आबा. आपल्या घरात सायकलची ट्यूब तुमच्याबिगर कोण कापतं?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलाल वाटलं."

समोरून गाड्या येत-जात होत्या. मी म्हणालो, "चुकलं माझं, पोरी. तुझ्या बापाला सांगतो मी."

"कवा?"

तेवढ्यात गाडी लागली. गर्दी होती, तिनं पुढं घुसून माझ्यासाठी खिडकीची जागा धरली आणि स्वतः कळसपर्यंत उभी राहिली.

या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. रेश्मानं टबातल्या पिल्लांमधली थोरली निवडून मोठ्या टाकीत सोडली आहेत. दर गुरुवारी लाईट जाते, पाणी चार-पाच बोटं चढतं आणि थांबतं. युवराज अजून अधूनमधून तिला त्यावरून टोमणा मारतो, ती ऐकून घेते, मी तिथंच बसलेला असतो. अजितरावांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्यांनी माशांचं विचारलं आणि मी चांगलं चाललंय म्हणून सांगितलं.

पट्टी मी बांधली होती, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. युवराजलाही नाही.