माझ्या पोटातलं नाव

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. माझं झाकण दोऱ्याने बांधलेलं आहे आणि एक बटण अडकतं. कारखान्यातून मी आलो तो एका बातमीदार बाईंच्या घरी. त्यांचे यजमान शिंपी होते. शिवता शिवता ते म्हणायचे, "माझं एकदा ऐकत नाहीस, या डब्याचं मात्र तीनतीनदा ऐकतेस."

"डबा मध्येच तोंड घालत नाही," बाई म्हणायच्या.

बाईंची एक रीत होती. कुणी "माझं नाव नको" म्हटलं, की बातमी छापून आल्यावर त्या लगेच टेप पुसायच्या.

एकदा दवाखान्यातल्या एका नर्सने माझ्यासमोर सांगितलं, की लहान मुलांच्या औषधात पाणी मिसळतात. बातमी छापून आली. टेप पुसायच्या आतच पोलीस दारात उभे राहिले.

"नाव सांगा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले.

"माझं लिहा. तेवढंच पाठ आहे."

यजमानांनी मला चिंध्यांच्या टोपलीत दडवलं होतं. शिपायाने टोपलीत हात घातला, सुई टोचली, हात मागे घेतला. मी वाचलो. बाईंना मात्र नेलं.

आठव्या दिवशी यजमानांचा धीर सुटला. मला पिशवीत घालून ते चौकीवर गेले. मला दिलं असतं, तर बाई त्याच दिवशी घरी आल्या असत्या. पण जेवणाचा डबा घेताना बाईंनी हळूच विचारलं, "अहो, पुसलंत ना?"

ते तसेच घरी परतले. त्यांनी माझं बटण दाबलं आणि सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्या वर्तमानपत्राचे संपादक आणि बाई यांच्यात विस्तव जात नव्हता. त्या संपादकांनीच तीच बातमी पहिल्या पानावर छापली. "पटत नाही आमचं, पण आज ती, उद्या मी," ते म्हणाले. मग इतरांनीही छापली. आजारी मुलांचे आईबाप चौकीसमोर येऊन बसले. अकराव्या दिवशी न्यायालयाने बाईंना सोडलं. दवाखान्यातली औषधं तपासली गेली आणि बदललीही.

गेल्या वर्षी बाई आजारपणात गेल्या. तेव्हापासून माझ्यावर धूळ असते. यजमान कधी पुसतात, कधी विसरतात.

परवा एक बाई भेटायला आल्या. "त्यांच्यामुळे माझी नोकरी टिकली," एवढंच म्हणाल्या. आवाज मी ओळखला. यजमानांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. नाव विचारलं नाही.

मित्रांनो, मी मोडलो तर दुसरा मिळेल. पण तुमच्या वतीने प्रश्न विचारणाऱ्याला कुणी घेऊन गेलं, तर घरात बसू नका. चौकीसमोर जाऊन बसा.