वरचं झाकण

"तुम्ही मारलंत त्यांना! गॅसनं काही केलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मग उरलं कोण?"

टाकीत मेलेल्या फिटरची बायको चौकशीच्या खोलीत उभी होती. समोर कारखान्याचे मोठे साहेब. शेजारी तिचा दीर, मान खाली घालून. त्याचंही पोट याच कारखान्यावर होतं.

टेबलावर अहवाल: 'हेलियम हा निष्क्रिय वायू आहे. शरीरात विष आढळले नाही. तोल जाऊन पडल्याने मृत्यू.'

निष्क्रिय! घरी हा थट्टेचा शब्द होता. दीर लग्नाचं नाव काढेना, तेव्हा नवरा म्हणायचा, "आमचा हेलियम आहे हा. ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात."

"वहिनी, आवरा दादाला."

पण दादा रंगात यायचा. खोल खडकात युरेनियम कोट्यवधी वर्षं फुटत राहतं, त्यातून म्हणे हेलियम जन्मतो. जळाऊ वायूच्या संगतीनं जमिनीखाली कोंडून राहतो, विहीर खणली की वर येतो. "आणि सोयरीक का जमत नाही त्याची? दोन इलेक्ट्रॉनांचं घर. दोन्ही जागा भरलेल्या. देणं नाही, घेणं नाही. आपल्या दोघांसारखं."

मूल नव्हतं त्यांना. नवरा असं बोलला की सासरचे टोमणे तिला बोचेनासे व्हायचे.

गळती शोधायला टाकीत हेलियम भरला होता. मग 'रिकामी झाली' म्हणून नवऱ्याला खालच्या दारातून आत धाडलं. हलका गॅस वरच्या घुमटात, बंद झाकणाखाली दबा धरून बसलेला. नवरा शिडीनं थेट त्यातच चढला. गॅसनं खरंच काही केलं नाही, फक्त हवेची जागा अडवली. ना वास, ना ठसका. दोन श्वासांत शुद्ध हरपली.

"ताई, आम्ही टाकीतली हवा मोजली," साहेब म्हणाले. "चोख होती."

"कधी मोजलीत?"

"दुसऱ्या दिवशी."

"वहिनी, चला," दीर पुटपुटला. "दगडावर डोकं आपटून काय मिळणार?"

काही मिळणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. युगानुयुगं कोंडलेला गॅस झाकण उघडताच निसटला होता. त्याला तर पृथ्वीसुद्धा धरून ठेवू शकत नाही. जाताना एवढासा डागही ठेवला नाही त्यानं.

तरी ती हलली नाही.

"त्यांना बाहेर काढलं, तेव्हा वरचं झाकण बंद होतं. मोजायच्या आधी ते कुणी उघडायला लावलं? भाऊजी, तुम्ही तिथं होतात. साहेब, तुम्हीही होतात. नाव सांगा!"