दोन थापट्या

हॉल दुसऱ्या मजल्यावर होता आणि खाली फर्निचरचं गोदाम. मधल्या अठ्ठावीस पायऱ्या बाई एके काळी दोन-दोन करून चढत. आता प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, कठड्याशी चार शब्द बोलत बोलत चढत. तरी सकाळी साडेसहाला कुलूप उघडायचं, ओल्या फडक्यानं सगळ्या चटया पुसून घ्यायच्या आणि समोर कुणी असो-नसो, त्या चटयांवर पन्नास वेळा पडायचं, हा नेम चौतीस वर्षांत मोडला नव्हता. जुडो शिकवणाऱ्याला आधी पडता आलं पाहिजे, असं त्या म्हणायच्या. गेल्या वर्षापासून पन्नासाचे वीस झाले होते. आकडा कमी झाला तर देव समजून घेतो, पण नेमच मोडला तर आपली आपल्याला ओळख राहत नाही, अशी त्यांची साधी समजूत.

समोर आता बहुतेक कुणी नसायचंच. शिष्य पाचावर आले होते, त्यातले दोघं सांधे मोकळे राहावेत म्हणून येणारे. हॉल रग्बी क्लबचा होता आणि क्लबच्या कमिटीला तिथे वजनं उचलायची यंत्रं मांडायची होती. चटया गुंडाळा, असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. पण फीत घेऊन मापं काढणारा माणूस दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा त्यानं बूट न काढताच चटयांवर पाय ठेवला होता.  तो गेल्यावर बाईंनी पुन्हा फडकं मारलं, इतकंच.

तेव्हा धाकटा भाऊ मध्ये पडला. क्लबच्या बायकांच्या संघाला तो शिकवायचा. संघ वरच्या गटात तळाशी कसाबसा लोंबकळत होता, आणि कारण एकच, टॅकल सुटायचे. चेंडू घेऊन अंगावर धावत येणारीला कमरेत विळखा घालून जमिनीवर आणायचं, एवढंच ते. पण त्यात आणणारीलाही पडावं लागतं. त्याच्या पोरी धरायला भीत नव्हत्या, पडायला भीत होत्या. त्यानं कमिटीला सांगून टाकलं की ताईला एक हंगाम द्या. संघ वरच्या गटात टिकला तर चटया राहतील, नाहीतर आणा तुमची यंत्रं. ताईला मात्र हे सगळं ठरवून आल्यावर विचारलं. धाकट्यांचं असंच असतं. शब्द ते देतात, पाळायचा थोरल्यांनी.

बाईंनी हो म्हटलं. त्या चटया सोडून त्यांना दुसरं घर नव्हतं असं नाही. पण घरी दोन खोल्या होत्या आणि त्यांत त्या फक्त राहत होत्या.

पहिल्या दिवशी एकोणीस जणी धापा टाकत वर आल्या. सगळ्यांत मागे चिमणी. कचऱ्याची गाडी चालवणारी, दारातून आत येताना दार आधी बाजूला होईल की काय असं वाटावं एवढी; म्हणूनच नाव चिमणी. तिनं चटईवर एक पाय दाबून पाहिला आणि म्हणाली, "बाई, मी पडले तर खालची कपाटं तुम्ही भरून देणार का?" तिच्या मागून बेकरीवाली फिसकन हसली. ही संघात सगळ्यांत लहानखुरी. पहाटे तीनला पीठ मळायला उभी राहायची आणि सरावाला कानामागे मैदा घेऊन यायची. दोघींचं मेतकूट असं की एकीला शिंक आली तर दुसरीनं रुमाल काढावा.

बाईंनी त्यांना पडायला शिकवलं. हनुवटी छातीशी, हात आधी, पाठ गोल. मग धरायला, मग खालून धरून ठेवायला. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट शिकवली, जी त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवली होती. अंगावर कुठेही दोन थापट्या पडल्या, म्हणजे 'पुरे, सोड' अशी खूण झाली, की हात सोडायचा. त्याच क्षणी. थापट्या कुणी मारल्या, का मारल्या, खरंच दुखतंय की नाटक आहे, हे नंतर. ही एकच गोष्ट त्यांनी घोटून घेतली. महिनाभर रोज पन्नास-पन्नास वेळा, डोळे मिटून, गप्पा मारता मारता, मधेच अचानक. चिमणी सुरुवातीला जड जायची. जोर तिच्याकडे उदंड, पण तो थांबवायची सवय नव्हती. पुढे पुढे तीच सगळ्यांत तल्लख झाली. माशी बसावी तशी थापटी पडली तरी तिचे हात उघडत.

क्लबचा चिटणीस दंतवैद्य होता. तो दर सामन्याला कुंपणाशी वही घेऊन उभा राहायचा आणि सुटलेले टॅकल मोजायचा. सामन्याला एकतीस सुटत होते ते हंगाम संपत आला तेव्हा सोळावर आले. कुणाचं गळपट्टीचं हाड मोडलं नाही, कुणी डोक्यावर आपटलं नाही. "बाई, तुमच्यामुळे माझा धंदा बसला," तो म्हणायचा. "गेल्या वर्षी या संघानं मला अकरा दात दिले होते." बाई हसायच्या. चटया राहतील, असं त्यांना वाटू लागलं होतं, आणि या वयात असं काही वाटू देणं त्यांना जरा महागातलंच काम वाटायचं.

हंगामाचा शेवटचा सामना शनिवारी दुपारी होता. जिंकला तर संघ वर राहणार, सरळ हिशेब. शेवटच्या मिनिटाला तीन गुणांची आघाडी होती आणि समोरच्या संघाची एक दांडगी बाई चेंडू पोटाशी घेऊन रेषेच्या आत घुसली. आता चेंडू जमिनीला लागला की पाच गुण. पण चिमणी आधीच तिच्याखाली होती. उताणी पडून तिनं त्या बाईला, चेंडूला, सगळ्याला मिठीत घेतलं होतं. चेंडू चिमणीच्या छातीवर आणि जमीन वीतभर दूर. आणखी दोन क्षण, की रेफ्री शिट्टी वाजवणार आणि सामना खिशात. बाई कुंपणाशी उभ्या होत्या. आपण शिकवलेली मिठी त्यांनी ओळखली, पोटच्या पोरीचं अक्षर ओळखावं तशी.

तेवढ्यात बेकरीवाली धावत आली, ढिगाऱ्यावर वाकली आणि मैत्रिणीला धीर यावा म्हणून तिच्या खांद्यावर थोपटलं. दोनदा.

चिमणीचे हात उघडले.

चेंडू खाली लागला. रेफ्रीनं हात वर केला. चिमणी उताणी तशीच पडून होती आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. काय झालं ते मैदानावर फक्त तीन जणींना कळलं. चिमणीला, बेकरीवालीला आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या बाईंना.

भावाला संध्याकाळी कळलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं बाईंना वाटलं. त्यानं क्लबच्या ऑफिसात दंतवैद्यासमोर सगळं सांगितलं आणि मग म्हणाला, की ताई, मैदानावर थापट्या मोजायच्या नाहीत एवढं एक वाक्य तू सांगितलं असतंस तर. बाईंनी मान डोलावली. खरंच होतं ते. चौतीस वर्षांत चटईच्या बाहेर त्या सवयीचं काय होईल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. मासळीला कुणी पाण्याबाहेरचं शिकवत नाही.

सगळं संपलं नव्हतं, दंतवैद्य म्हणाला. पंधरा दिवसांनी खालच्या गटातल्या पहिल्या संघाशी आणखी एक सामना होता. तो जिंकला तर वरची जागा टिकेल आणि चटयाही. तोवर ती सवय मोडायची. थापटी पडली तरी धरून ठेवायचं, सुटायचं ते फक्त शिट्टीवर.

बाईंनी तेही हो म्हटलं. त्या रात्री त्यांना झोप लागली, याचं त्यांना नंतर नवल वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गळ्यात शिट्टी अडकवली. एकीनं खालून मिठी मारायची, दुसरीनं सुटायचा प्रयत्न करायचा, तिसरीनं येऊन थापट्या मारून फसवायचं. शिट्टी वाजेपर्यंत हात सोडायचा नाही. महिनाभर घोटलेलं चार दिवसांत पुसलं जाईल असं बाईंना वाटलं नव्हतं. पुसलं गेलं. चिमणीनं तर जीव तोडून शिकून घेतलं. हरल्याचा डाग तिला त्या मिठीतच धुवायचा होता. चौथ्या दिवशी तिला कुणी पाठ बडवली तरी ती ढिम्म हलत नव्हती. भाऊ दारात उभा राहून बघत होता आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला होता.

पाचव्या दिवशी बाईंचा डावा गुडघा पायऱ्यांवरच बोलायला लागला होता. हॉलच्या त्या टोकाला एका जोडीचे पाय चुकत होते म्हणून त्या तिकडे खाली बसल्या, आणि बसल्यावर उठायला भिंत शोधत होत्या. या टोकाला बेकरीवाली चिमणीच्या मिठीत होती. तिचा खांदा उलटा वळला होता. तिनं थापट्या मारल्या. दोन. मग चार. मग नुसतंच मारत राहिली. चिमणीनं मान वळवून बाईंकडे पाहिलं. ती शिट्टीची वाट बघत होती, जसं तिला शिकवलं होतं अगदी तसं.

बाई भिंतीला धरून उठल्या, वळल्या, त्यांनी पाहिलं, आणि तोंडापाशी शिट्टी नेईपर्यंत आणखी एक श्वास गेला.

खांदा निखळला नाही. पण दुखावला, तीन आठवडे हात गळ्यात, पीठ मळणं बंद. बेकरीवाली रडली नाही, उलट चिमणीलाच समजावत बसली, कारण चिमणी हुंदके देत होती आणि तिचं रडू चटयांना जाणवत होतं. "माझंच चुकलं, बाई," चिमणी म्हणत राहिली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोपटला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी त्या क्लबच्या ऑफिसात गेल्या. भाऊ होता, दंतवैद्य होता, वही उघडी होती. दंतवैद्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि बोलायला लागला, की अपघात होतात, आकडे मात्र बघा, तुमच्या शिकवण्याचा उपयोग होतो हे आता कुणी नाकारत नाही.

"होतो ना," बाई म्हणाल्या. "त्याचीच मला भीती वाटते, डॉक्टर. मी हातांत जे घालते ते तिथे राहतं. मग ते कुठे कामाला येईल ते माझ्या हातात नाही."

भाऊ म्हणाला, चटईवर थापटी आणि मैदानावर शिट्टी, असं दोन्ही शिकव की. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो असाच दोन्ही हातांत दोन वस्तू मागायचा.

"तरुण असते तर शिकवलं असतं, अरे," त्या म्हणाल्या. "थापटी होती तेव्हा एकोणीस जणी एकमेकींना सांभाळत होत्या. शिट्टी आली आणि ते सगळं माझ्या एकटीच्या तोंडात आलं. मला उठायला भिंत लागते."

मग त्यांनी ठरवलेलं सांगितलं. चटया या रविवारीच काढा. पोरींना आता पडता येतं, ते कुणी काढून घेणार नाही. उरलेले दिवस त्यांना मैदानावरच राहू दे, शिट्टीच्या हाताखाली. चटई डोळ्यांसमोर नसली की हात गोंधळणार नाहीत. एका खोलीत दोन नियम नांदत नाहीत, आणि यातला एक मोडायचाच तर मी माझा मोडणार नाही.

दंतवैद्यानं चष्मा काढून पुसला. सामना जिंकला तर चटया राहणार आहेत, याची त्यानं हळूच आठवण करून दिली. मला माहीत आहे, असं बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी पोरी चटया उतरवायला आल्या. चिमणी कचऱ्याची गाडी घेऊन आली होती. आतून तिनं ती गरम पाण्यानं धुऊन काढली होती आणि पत्र्यावर जुनी चादर अंथरली होती. चटया एका शाळेच्या व्यायामवर्गाला द्यायच्या ठरल्या होत्या. अठ्ठावीस पायऱ्यांवर चिमणी दोन चटया डोक्यावर, एक काखेत घेऊन उतरायची आणि मोकळ्या हातांनी पुन्हा वर यायची. बेकरीवाली गळ्यातल्या झोळीत हात घालून दार पाठीनं धरून उभी होती आणि सगळ्यांना हुकूम सोडत होती. हमालांपेक्षा मुकादमच जास्त घाम गाळतोय, असं कुणीतरी म्हणालं.

वर जमीन मोकळी झाली. चटयांखालची फरशी कधी काळी हिरवी होती, हे बाईंना तेव्हा कळलं. त्यांनी सवयीनं फडकं ओलं केलं होतं, ते हातातच राहिलं. मग त्यांनी ते पिळून नळावर वाळत घातलं.

भाऊ शेजारी येऊन उभा राहिला.  त्यानं नळावरचं फडकं सरळ केलं आणि विचारलं.

"ताई, शनिवारी सामना बघायला येशील ना?"

"येईन," बाई म्हणाल्या. "पण कुंपणाशी खुर्ची ठेव माझ्यासाठी. उभ्यानं नाही आता बघवत."