बाहेरून झिजलेल्या चपला

कथकलीचा गुरू म्हणून सगळे ज्याला आशान म्हणत, त्या राघवनचा घोटा देवळाच्या तळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवर मोडला, आणि त्याचा एक्स-रे बघायला अर्धी कथकली मंडळी तृशूरच्या हॉस्पिटलात येऊन गेली. प्रत्येकाने तो खिडकीकडे धरून न्याहाळला आणि मोडलंय पण सरळ मोडलंय, असा निकाल दिला. आशानला तेवढंच हवं होतं.

"सहा आठवडे हाडाला, दोन तेल-मालिशीला," तो बायकोला म्हणाला. "देवळाच्या उत्सवाला दहा आहेत. दोन उरतातच."

दुसऱ्याचं दुखणं हा माणूस दिवसांत मोजतो आणि स्वतःचं प्रयोगांत, हे तंकमणीला लग्नापासून ठाऊक होतं. उत्सवातला नायकाचा हिरवा वेष एकवीस वर्षं त्याच्याकडे होता. एकदा तो दुसऱ्याच्या अंगावर चढला की परत मिळत नाही, हेही तिला ठाऊक होतं. त्यालाही तो तसाच मिळाला होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर बीना आल्या. "प्लेट बसवायच्या आधी सांध्यात दुर्बीण घालून बघणार आहे, आशान."

"मोडलंय हाड, आणि बघणार सांध्यात?"

"हाड फोटोत दिसतं. त्याच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर दिसत नाही, आणि सांधा फिरतो तो त्यावरच. बरं, वेषात उभे कसे राहता?"

"पायांवर," आशान म्हणाला. "सगळे राहतात तसाच."

तंकमणीने त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आतलं चित्रण लॅपटॉपवर दाखवलं. शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखं पांढरंशुभ्र, ओलं काहीतरी पडद्यावर सरकत होतं. मग एका कडेला त्याचा पापुद्रा सुटलेला दिसला, पाण्यात हलणारा, आणि खाली उघडं हाड.

"हा माझा पाय नाही," आशान म्हणाला. "कुणाचा तरी भलत्याचाच लावलाय."

"तुमचाच आहे. सुटलेला तुकडा काढला, खालच्या हाडाला बारीक भोकं पाडली. रक्त येऊन तिथे नवं अस्तर धरेल, पण पहिल्यासारखं नाही. आठ आठवडे पाय टेकायचा नाही. मग हळूहळू चालायला हरकत नाही."

"चालायला," आशान घाईने म्हणाला. "ऐकलंस ना, तंकम?"

तंकमणीने ऐकलं. मग तिने खाटेखालची पिशवी ओढली, त्यातून त्याच्या चपला काढल्या आणि लॅपटॉपशेजारी उलट्या करून ठेवल्या. दोन्ही तळ आतल्या बाजूने नव्यासारखे होते. बाहेरची कड मात्र पार खाल्लेली.

"हा बाजारात जातो तोसुद्धा कथकलीच्या वेषात उभा राहतो तसा," ती म्हणाली. "पावलाच्या बाहेरच्या कडेवर, अंगठा वर करून. तुम्हाला मात्र सांगतो, सगळ्यांसारखा उभा राहतो."

"तंकम, चपला काय दाखवतेस?"

"तू नाही सांगितलंस, म्हणून चपलांना सांगायला लावलं."

डॉक्टरांनी चप्पल हातात घेतली, फिरवून पाहिली. मग पेनाचं टोक पडद्यावरच्या पापुद्र्यावर ठेवलं. "पाऊल असं वळवलंत की सगळा भार नेमका इथे. आशान, यंदा नाही. पुढच्या वर्षीचं आज सांगता येणार नाही. सपाट पावलावर खूप वर्षं चालाल. कडेवर उभे राहिलात तर चालणंही जाईल."

डॉक्टर लॅपटॉप घेऊन गेल्या. मग आशानने उत्सवाच्या चिटणिसाला फोन लावला.

"हिरवा वेष आपल्या मंडळीतल्या करुणाकरनला द्या," तो म्हणाला. "नाही, वाकडं काही नाही झालं. फोटो छान आहे. पण आतलं बघितलं." मग म्हणाला, "म्हाताऱ्या राजाचा वेष मी करतो. स्टुलावर बसून डोळ्यांनी आणि हातांनी. स्टूल नीट बघून ठेवा, डुगडुगणारं नको."

फोन ठेवून त्याने डोळे मिटले. चादरीखाली चांगल्या पायाचा अंगठा सवयीने वर आला, पाऊल कडेला वळलं.

तंकमणीने त्यावर तळहात ठेवला आणि हळूच दाबला.

"सपाट," ती म्हणाली.